काळ्या खोलीतल्या चिठ्ठ्या

४ जून

ढब्बू,

चष्मा पोचला. पेटी फुटली होती, काचा शाबूत. डावीच्या जाडीला जुळावी म्हणून उजवीकडे तू बसवलेली बिननंबरी जाड काच इतकी बेमालूम झाली आहे की आमचे विभागप्रमुख म्हणाले, "फारच वाचन चाललेलं दिसतंय तुमचं, दोन्ही नंबर एकदम वाढले!" मी हो म्हटलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी अशी सराईत खोटारडी होईन असं कोणाला वाटलं असतं?

मी दोन महिने मावशीच्या आजारपणासाठी तुमच्याकडे होते, असंच इथे सगळ्यांना माहीत आहे. तुझी आई ठणठणीत आहे हे कुठे बोलू नकोस. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला हे तर नाहीच नाही. आमच्याकडे निरीक्षकांची नोंदवही असते. डोळ्याला शस्त्रक्रिया झाली की त्यातलं नाव कायमचं खोडतात, आणि नाव खोडलं की काळ्या खोलीत पाऊल टाकता येत नाही. त्या खोलीत मी तीस वर्षं बसते आहे. धुक्यातून जाताना दिव्याचा उजेड किती मरतो आणि त्यातला कोणता रंग आधी मरतो, हे मी त्याच डगमगत्या स्टुलावर बसून मोजलं. आता पोरं ते परीक्षेपुरतं पाठ करतात आणि मला शिव्या घालतात. वर्षातून एकदा डोळे तपासायला माणूस येतो, पण त्याचा अक्षरांचा तक्ता वीस वर्षं तोच आहे आणि मला तोंडपाठ आहे. तेव्हा ती काळजी नाही.

काळजी वेगळीच आहे. तुझ्याकडून परत आल्यावर मी एक जुनं काम पुन्हा हातात घेतलं. आमच्याकडे एक पांढरट स्फटिक आहे. तो दिवसभर उन्हात ठेवायचा, मग काळोखात तापवायचा. प्यालेलं ऊन तो तेव्हा परत सोडेल असा माझा जुना तर्क होता. पूर्वी शंभरदा करून पाहिलं होतं, काही दिसलं नव्हतं. या वेळी दिसलं! अगदी फिकट, धुरासारखं, मिनिटभर टिकणारं. रंग सांगता येत नाही. मी आयुष्यभर रंग मोजत आले आणि या रंगाला माझ्याकडे नाव नाही.

आमची पद्धत तुला माहीत नसेल. भर दुपारी सगळी दारं-पडदे लावून तासभर काळोखात बसायचं, म्हणजे डोळे तयार होतात. चष्मे बाहेर टोपलीत. एका डोळ्यावर पट्टी. एकमेकांशी बोलायचं नाही. छोट्या खिडकीमागे स्फटिक ठेवला की प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवर लिहायचं, दिसलं किंवा नाही दिसलं. चिठ्ठ्या शेवटी उजेडात उघडायच्या. माझ्याबरोबर माझी विद्यार्थिनी बसली होती. आम्ही तिला चिमणी म्हणतो, सव्वीस वर्षांची आहे, फार गुणी. माझी चिठ्ठी "दिसलं". तिचीही "दिसलं". त्या भरवशावर मी निबंध लिहून छापायला दिला, आणि काल दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या मिशीवाल्या प्रोफेसरांचं उत्तर आलं. त्यांनी सात तरुण माणसं बसवली. सातही चिठ्ठ्या "नाही दिसलं".

सात जणांना नाही आणि आम्हा दोघींना हो. हे काय आहे, ढब्बू? मला काही सुधरत नाही.

ताई


११ जून

ताई,

नमस्कार सुरुवातीलाच करून टाकतो, म्हणजे पुढे भांडायला मोकळा.

तुझं पत्र मी दुकानात दोनदा वाचलं आणि घरी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ताईंनी मला आधी विचारलं असतं तर मी त्यांना स्टुलावर बसूच दिलं नसतं." तुझ्या डॉक्टरने सहा महिने विश्रांती सांगितली होती. तू तीन महिनेसुद्धा काढले नाहीस.

मी साधा चष्मेवाला. तुझा स्फटिक ऊन पितो की चहा, मला कळत नाही. पण माझ्या दुकानात रोज डोळे येतात आणि डोळ्यांबद्दल मला दोन गोष्टी कळतात. पहिली, मोतीबिंदू काढला म्हणजे डोळ्यातलं मूळचं भिंगच काढून टाकलं. अशा डोळ्याला सुरुवातीला काहीबाही दिसतं. कोणाला ठिणग्या, कोणाला जाळी. मागे एका शिक्षिकेला मुलांच्या डोक्यांवर चांदण्या दिसायच्या, मुलं तशी हुशार नव्हती. दुसरी, नंबर अर्ध्याने जरी चुकला तरी माणसाला धुकं दिसतं. तेव्हा डाव्या काचेचा नंबर मी नव्याने घासून पाठवतो आहे. लावून बघ आणि तो धूर जातो का सांग.

आणि राग येणार असेल तर येऊ दे. विभागप्रमुखांना खरं सांगून टाक. ती उजवीकडची खोटी काच बसवताना माझा हात चालत नव्हता. तीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला फसवायला काच घासली नव्हती, आता माझ्या बहिणीसाठी जग फसवायला घासली. मावशीच्या आजारपणाचं म्हणशील तर आई विचारते, मला नेमकं काय झालं होतं, म्हणजे कोणी विचारलं तर सांगता येईल.

ढब्बू


१९ जून

ढब्बू,

नवी काच परत पाठवते आहे. अरे शहाण्या, काळ्या खोलीत चष्मा काढून बसायचं असतं हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तिथे तुझा नंबर बरोबर असो की चूक, काय फरक पडतो? चांदण्या आणि ठिणग्यांचं तर नावच काढू नकोस. चांदण्या दिसणाऱ्या बाईला त्या केव्हाही दिसतात. मला दिसतं ते फक्त स्फटिक उन्हात ठेवलेला असेल तेव्हाच.

हे मी नुसतं म्हणत नाही, करून पाहिलं. दोन सारखे स्फटिक घेतले. एक उन्हात ठेवलेला, एक महिनाभर कपाटात बंद. दोन्ही सारखेच तापवायचे. आमचा काचकाम करणारा मिस्त्री पडद्यामागे नाणं उडवतो आणि त्याप्रमाणे यातला एक खिडकीमागे ठेवतो. कुठला ते मला सांगत नाही. चाळीस वेळा केलं. अडतीस वेळा माझी चिठ्ठी बरोबर निघाली. डोळा नुसता भास दाखवत असता तर त्या भासाला कसं कळलं असतं की कपाटातला कोणता आणि उन्हातला कोणता?

पण मग इतरांना का दिसत नाही? मी विभागप्रमुखांना तास-तासभर बसवलं. ते सज्जन गृहस्थ, काळोखात दोनदा घोरले, पण तिसऱ्यांदा जागे होते आणि त्यांना काही दिसलं नाही. ग्रंथपालबाईंना दिसलं नाही. मिस्त्रीला नाही. फक्त मला आणि चिमणीला. मी आता सगळ्यांना वेडगळ प्रश्न विचारते. तुम्ही सकाळी काय खाल्लं? झोप किती झाली? चिमणी आणि मी, आमच्या दोघींत सारखं काय आहे याची मी यादी केली. दोघींपैकी कोणीही डावखुरी नाही. दोघींना थंडी वाजते. यादी तिथेच संपली.

मिशीवाल्यांनी आता जाहीर लिहिलं आहे. त्यांचं वाक्य मला पाठ झालंय: "एकीचा भास आणि दुसरीची भक्ती, यातून प्रकाश निर्माण होत नाही." माझ्याबद्दल काही म्हणाले असते तर मी गिळलं असतं, पण त्या पोरीबद्दल असं लिहायचं? तिची नोकरी अजून कायम झालेली नाही. परवा मी तिला वर्गासमोर उभं करून सांगितलं, "या संस्थेत सगळ्यांत चांगली नजर हिची आहे." बिचारी लाल झाली आणि पळूनच गेली.

पंचवीस जुलैला तीन माणसांची समिती येणार आहे. त्यात मिशीवाले स्वतः. ते आमच्याबरोबर काळोखात बसतील. त्यांनाही दिसलं नाही तर निबंध मागे घ्यावा लागेल, आणि मग धुक्याचं कामसुद्धा लोक पुन्हा तपासायला काढतील. तीस वर्षं, ढब्बू. माझ्या डोळ्यांवर कोणाचा विश्वास राहिला नाही तर माझं दुसरं काय उरतं?

डोळ्याचं सांगणार नाही. ते सांगितलं की मिशीवाल्यांच्या हातात कोलीतच. म्हातारीला दिसत नव्हतं, असं म्हणून मोकळे होतील.

ताई


२७ जून

आदरणीय काका,

तुमची-माझी ओळख नाही. बाईंच्या चष्म्याच्या पेटीवर दुकानाचं लेबल होतं, त्यावरून पत्ता घेतला. बाई तुमच्याबद्दल नेहमी हसत-हसत बोलतात, म्हणून तुम्हाला लिहायचं धाडस करते आहे. दुसरं कोणी नाही.

काका, मला तो प्रकाश दिसत नाही. कधीच दिसला नाही.

पहिल्या दिवशी बाई काळोखात एकदम "अगं!" म्हणाल्या. बोलायचं नसतं, पण त्यांच्या तोंडून निघून गेलं. मी त्यांच्याबरोबर चार वर्षं आहे. त्या जे दिसलं म्हणतात ते नंतर मोजलं की निघतंच. मला वाटलं, माझे डोळे अजून तयार झाले नसतील, उद्या दिसेल. म्हणून मी "दिसलं" लिहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं. मग निबंध गेला. मग त्यांनी वर्गासमोर माझ्या नजरेचं कौतुक केलं. आता कोणत्या तोंडाने सांगू?

तो मोठा माणूस लिहितो ते खरं आहे, माझी भक्तीच होती. पण बाईंना भास होत असेल असं मला अजूनही वाटत नाही. त्यांच्या चाळीसातल्या अडतीस चिठ्ठ्या बरोबर होत्या. त्या मी स्वतः मोजल्या. मग मला का दिसत नाही? मी रोज एकटी जाऊन बसते. डोळे फाडून-फाडून बघते. काही नाही. कधी वाटतं माझेच डोळे गेलेत. कधी वाटतं मी सांगितलं तर बाई कोसळतील, आणि नाही सांगितलं तर समितीपुढे कोसळतील.

मी काय करू, ते मला सांगा.

बाईंची विद्यार्थिनी


५ जुलै

ताई,

हे पत्र चार वेळा फाडलं. बायको म्हणते कागद फुकट येत नाही.

तुला एक विचारायचं होतं. समज, काळ्या खोलीतल्या एखाद्याची चिठ्ठी चुकून वेगळी पडली असेल, म्हणजे दिसलं नसताना दिसलं अशी, तर तू त्या माणसावर फार रागावशील का? मी आपलं सहज विचारतो. मुळात माणूस काळोखात तासभर बसला की त्याला आपलं नावसुद्धा धड आठवत नसेल. मी असतो तर शेजारचा काय लिहितोय त्याचाच कानोसा घेतला असता.

समिती पुढे ढकलता येणार नाही का? प्रकृतीचं कारण दे. मावशीचं आजारपण अजून संपलेलं नाही असं सांग, आई तयार आहे.

तुझ्या त्या चिमणीला माझे आशीर्वाद सांग. तिच्याशी जरा सवडीने बोल. म्हणजे ती बोलेल आणि तू ऐक. तुला ते जमत नाही, तरी जमव.

ढब्बू


१२ जुलै

ढब्बू,

तुला माहीत होतं. सात दिवस तुला माहीत होतं आणि तू मला कागदाची आणि कानोशाची गंमत लिहून पाठवलीस.

चिमणीने काल सांगितलं. तू तिला "स्वतः सांग, मी मध्ये पडणार नाही" असं लिहिलंस म्हणे. योग्यच लिहिलंस, पण माझा राग गेलेला नाही. ती काळ्या खोलीच्या दारात उभी राहून बोलली, आत आली नाही. मी तिच्यावर ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी फक्त विचारलं, "एकदाही नाही?" ती म्हणाली, "एकदाही नाही, बाई." मग मी तिला घरी जायला सांगितलं.

म्हणजे मी एकटी. दहा-बारा जण बसले, आणि दिसलं ते एकट्या मला. मी दुसऱ्या कोणाबद्दल असं ऐकलं असतं तर काय म्हटलं असतं? म्हटलं असतं, बाईंना विश्रांती द्या.

तू म्हणशील चाळीसातल्या अडतीस चिठ्ठ्यांचं काय? तेच तर. चिमणीने मला बरं वाटावं म्हणून लिहिलं. मग मिस्त्रीने काय केलं? उन्हातला स्फटिक ठेवताना तो खोकायचा का? त्याला खोकला आहे हे खरं. मी काल दिवसभर त्याचे खोकले आठवत बसले होते. त्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणाल तर खोकत नाही." या उत्तराचा मी काय अर्थ लावू? सगळे माझ्याशी इतके चांगले वागतात की मला कोणाचंच काही खरं वाटेनासं झालंय.

आज सकाळी स्टुलावर बसले. स्फटिक पेटला. तसाच, धुरासारखा, बिननावाच्या रंगाचा. मला तो इतका स्पष्ट दिसला की मी घाबरले. नसलेली वस्तू इतकी स्पष्ट दिसत असेल, तर धुक्यात मी तीस वर्षं काय मोजत होते?

निबंध मागे घ्यायचं पत्र लिहून ठेवलं आहे. समितीला येण्याचा त्रास नको. चिमणीचं नाव त्यात येणार नाही याची काळजी घेईन. तिला अजून खूप वर्षं काढायची आहेत.

ताई


१५ जुलै

ताई,

ते पत्र पेटीत टाकू नकोस. टाकलं असशील तर टपालवाल्याच्या मागे पळ. मी तुझे हजार अपराध केले आहेत, माफी नंतर सविस्तर मागतो. आधी हे वाच. मला यातलं निम्मं कळलेलं नाही, तू बघ.

माझं एक गिऱ्हाईक आहे, घरं रंगवणारा रंगारी. साठीचा, भांडकुदळ. मार्चमध्ये त्याच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्याच डॉक्टरने, तुझ्याच आठवड्यात. चष्मा मी केला. परवा तो दुकानात येऊन टेबलावर चष्मा आपटून म्हणाला, "निळी काच घातलीस! माझं नाव खराब केलंस!" झालं होतं असं. पांढरा रंग खुलावा म्हणून चुन्यात चिमूटभर नीळ घालतात. याने एका शाळेची अख्खी ओसरी नीळ न घालता रंगवली, वर थोडी पिवळी माती टाकली, कारण त्याला तो चुना मुळातच निळा दिसत होता. आता लोक म्हणतात ओसरीला कावीळ झाली.

मी काच उजेडात धरली. स्वच्छ. त्याला म्हटलं, चष्मा काढून दुकानाच्या पांढऱ्या भिंतीकडे बघ. काढून बघितलं. धूसर, पण निळंच. मग दुसरा डोळा, ज्याची शस्त्रक्रिया झाली नाही, त्याने बघायला सांगितलं. त्याला पांढरं पांढरंच! दोन डोळे, दोन भिंती. तो एवढा चक्रावला की भांडायचं विसरला आणि खुर्चीत बसून पाणी मागितलं.

मी डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, असं बऱ्याच जणांना होतं. माणसाच्या डोळ्यातलं मूळ भिंग वयाने पिवळट होतं, ते काढलं की निळं जास्त आत येतं. आणि जाता-जाता म्हणाला, तरुणपणीसुद्धा ते भिंग काहीतरी अडवतंच, नेमकं काय ते मला विचारू नका, मी वैद्य आहे.

ताई, मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. काही नीट कळत नव्हतं, पण तुझी काळी खोली आठवली. तू काळ्या खोलीत कोणत्या डोळ्यावर पट्टी बांधतेस?

ढब्बू


१८ जुलै

ढब्बू,

उजव्यावर. नेहमी उजव्यावर. शस्त्रक्रियेनंतर डावा जास्त स्वच्छ वाटला म्हणून. मी इतकी मूर्ख कशी? डोळा लपवायच्या नादात मी त्याचा विचारसुद्धा करायचा नाही असं ठरवून टाकलं होतं.

कालपासून जेवले नाही, पण हे केलं. मिस्त्रीऐवजी ग्रंथपालबाईंना पडद्यामागे बसवलं. डाव्या डोळ्याने चाळीसपैकी एकोणचाळीस चिठ्ठ्या बरोबर. उजव्याने एकोणीस, म्हणजे निव्वळ अंदाज. डाव्यासमोर पिवळट काच धरली की त्यालाही काळोख. तो प्रकाश जांभळ्याच्याही पलीकडचा आहे. तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत तो दारातच अडतो आणि माझ्यात आत येतो, कारण माझं दारच काढून टाकलेलं आहे.

उजवा डोळा म्हातारा आहे, त्याला अंधूक काही दिसत नाही असं मिशीवाले म्हणतील. म्हणून चिमणीला बोलावलं. ती फोटोची काच घेऊन आली, उजेड लागेल तिथे काळी पडणारी. तीस स्फटिक उन्हात ठेवून एकामागून एक त्या काचेवर टेकवून तापवायचे, मग काच धुऊन बघायची, असं ठरलंय. शेजारी कपाटातले तीस. फोटोच्या काचेला भक्ती नसते.

निबंधाचं पत्र फाडलं. पण आता दुसरंच कोडं. हे सिद्ध करायचं तर डोळ्याचं सांगावं लागेल. सांगितलं की प्रकाश वाचतो आणि मी जाते. न सांगता फोटोची काच तेवढी दाखवता येईल का, याचा मी दिवसभर विचार केला. येईल. माझी पहिली चिठ्ठी "दिसलं" कशी, एवढाच प्रश्न उरेल, आणि त्यावर मी काहीतरी थाप मारू शकेन. थापांची आता सवय झाली आहे.

तुझा रंगारी पाठव, त्याचंही दार काढलेलं आहे. गाडीभाडं मी देईन. त्याला काही सांगू नकोस.

ताई


२९ जुलै

माझ्या ढब्बूला,

रंगारी सुखरूप परत पोचला असेल. त्याने तुला काय-काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही, म्हणून मी माझं सांगते.

समिती दुपारी बसली. तीन सभासद, चिमणी, रंगारी, मी. पडद्यामागे मिशीवाल्यांनी आणलेला माणूस, आमचं कोणी नाही. दहा फेऱ्या ठरल्या. आत जाण्याआधी मी विभागप्रमुखांना म्हटलं, मला प्रत्येक फेरीला दोन चिठ्ठ्या लागतील. त्यांनी का ते विचारलं नाही. मी थाप तयार ठेवली होती. अगदी दारापर्यंत माझं ठरलेलं नव्हतं.

मग टोपलीत चष्मे ठेवायची वेळ आली. चिमणी माझ्या पुढे होती. तिला पट्टी काही बांधता येईना. मी बांधून दिली. तिने हळूच विचारलं, "बाई, काय लिहू?" मी म्हटलं, "जे असेल ते." आणि हे तिला सांगताना मी स्वतः काय करायला निघाले होते त्याची मला अशी लाज वाटली की पुढचं सगळं आपोआपच ठरलं. मी माझा चष्मा टोपलीत टाकला नाही, मिशीवाल्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "उजवी काच साधी आहे. डावी बघा." मग सगळं सांगितलं. मावशीचं आजारपणही. अक्षरांचा तक्ता तर मी न बघता घडाघडा म्हणून दाखवला. विभागप्रमुख खाली बसले. मिशीवाले एवढंच म्हणाले, "आत चला."

चिठ्ठ्या उजेडात उघडल्या. समितीच्या तीस, सगळ्या "नाही दिसलं". रंगारी लिहीत नाही, त्याने दिसलं तिथे टिंब काढलं होतं. दहापैकी दहा बरोबर. माझ्या डाव्या डोळ्याच्या दहा बरोबर. उजव्या डोळ्याच्या दहाही चिठ्ठ्यांवर "नाही दिसलं". एकाच बाईच्या, एकाच हस्ताक्षरात. मिशीवाल्यांनी ते दोन गठ्ठे शेजारी-शेजारी ठेवून एकेक चिठ्ठी ताडून पाहिली. मग चिमणीने फोटोची काच पुढे केली. उन्हातल्या स्फटिकांच्या जागी काळे डाग, कपाटातल्यांच्या जागी काही नाही. त्यांनी रंगाऱ्याला तीनदा विचारलं, "नेमकं कसं दिसतं?" तो म्हणाला, "चुन्यात नीळ जास्त पडली की दिसतं तसं. पण साहेब, तुम्हाला खरंच दिसत नाही का?" इतक्या कळवळ्याने विचारलं की मिशीवाल्यांनी मान खाली घातली.

निबंध राहिला. दुरुस्त करून पुन्हा छापायचा, निरीक्षकाचं डोळ्याचं भिंग काढलेलं होतं असं पहिल्याच पानावर लिहून. धुक्याचं काम डोळ्याच्या शस्त्रक्रियेआधीचं आहे, ते कोणी उकरणार नाही. मात्र नोंदवहीतलं माझं नाव गेलं. विभागप्रमुखांना खोडवेना, म्हणून मीच खोडलं. तीस वर्षं मी ज्या स्टुलावर बसले ते आता माझं नाही. खोलीबाहेर आल्यावर रडले. लपवत नाही, लपवायला आता काही शिल्लक नाही.

उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू धरतो आहे, त्याचं कधी करायचं ते डॉक्टरांना विचारून ठेव. टाळण्यात अर्थ नाही. फक्त एक वाटतं. आजवर तुम्हाला जे दिसत नाही ते माझ्या उजव्यालाही दिसत नव्हतं, म्हणून मला ताळमेळ लावता आला. तो गेला की मला दिसेल ते तुम्हाला दिसतं की नाही हे मला प्रत्येक वेळी कोणालातरी विचारावं लागेल. आणि विचारलेलं माणूस खरं सांगणारं हवं.

चिमणीच्या दहा चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. निबंधातून माझं नाव काढा, मी त्या लायकीची नाही, असं ती म्हणाली. तिला वाटलं मी रागावून काढेनच. मी कालच छापखान्याला मजकूर पाठवला. तिचं नाव माझ्या नावाखाली तसंच आहे, आणि त्यापुढे लिहिलं आहे: निरीक्षक क्रमांक दोन, दिसले नाही.

ताई